फोनमधला काळा पट्टा

खट् करून फ्रिज सुरू झाला आणि अख्खी खोली दचकली.

वीज जाऊन बराच वेळ झाला होता. चाळीसेक माणसं मांडीला मांडी लावून बसली होती आणि कुणी साधं खोकतही नव्हतं. फ्रिज घुंऽऽ करायला लागला, पाठोपाठ भिंतीवरची ट्यूबलाइट दोनदा डोळे मिचकावून पेटली, आणि देवीला बोलावत बसलेल्या नोडीअप्पाने मिटलेले डोळे उघडले.

"आली," तो म्हणाला.

"आली, आली!" बायकांनी हात जोडले.

आली होती ती वीज. पण भिंतीला टेकून, मांडीवर लेकीला घेऊन बसलेल्या भुवनेश्वरीखेरीज हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही. अंधार होता तेव्हा लोकांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावून भरपूर उजेड पाडला होता. "चला की अप्पा, एवढा उजेड पुरतोय," असं तिचा मोठा दीर नंदीश म्हणालाही होता. अप्पाने नुसती मान हलवली होती. कसली ही देवी, भुवनेश्वरीला वाटलं, हिचं वायरमनवाचून अडतंय.

अक्कलकोट रोडच्या मागची ही वसाहत टॉवेल विणणाऱ्यांची. घराच्या पुढच्या अंगाला माणसं राहतात, मागच्या शेडमध्ये माग राहतात, आणि दोघांतला कोण जास्त बोलतो असं विचारलं तर मागच. त्या संध्याकाळी मात्र नंदीशने सगळे माग बंद ठेवले होते. पाटावर त्याचा मुलगा बसला होता, महेश्वर. अकरा वर्षांचा. लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनच्या सुया. सुई चुकली नाही तर हे पोरगं गल्लीत कुणालाही पळण्यात ऐकायचं नाही. पण सुई कधी सुटणारही नव्हती, आणि तेच त्याच्या आईला, शरणम्माला, सोसत नव्हतं.

"अक्का, डॉक्टर म्हणालेत ना, जन्मभर लागणार म्हणून," भुवनेश्वरीने जावेला कितीदा समजावलं होतं.

"तुझ्या पोरीच्या पोटात रोज सुई खुपसून बघ," शरणम्मा म्हणायची, "मग जन्मभर हा शब्द तोंडातनं काढ."

भुवनेश्वरी मग लेकीला जवळ ओढून घ्यायची.

नोडीअप्पा कुठून आला ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. नोडी म्हणजे कन्नडमध्ये बघा. दर दोन वाक्यांमागे तो "नोडी, नोडी" करायचा, म्हणून गल्लीनेच त्याचं बारसं केलं. त्याला मराठी यायचं, कन्नड यायचं, तेलुगूही कामापुरतं. आणि तिन्ही भाषा संपल्या की तो इंग्रजीत शिरायचा.

"देहाला फ्रिक्वेन्सी असतीय," तो आता सांगत होता. "हर्ट्झ म्हणत्यात तिला. का म्हणत्यात? हार्ट म्हंजे काळीज. काळजात ऱ्हातंय ते हर्ट्झ! पोराचं हर्ट्झ बिघडलंय. माणसाच्या डोळ्याला दिसत न्हाय. पण यंत्र खोटं बोलत न्हाय. नोडी!"

त्याने तीन पायांच्या तिकाटण्यावरचा फोन महेश्वरकडे वळवला. फोन घरातल्या टीव्हीला जोडलेला होता. टीव्हीवर महेश्वर उमटला, कावराबावरा, कपाळाला भस्म. आणि त्याच्या अंगावरून, पायांकडून डोक्याकडे, दोन-तीन काळपट आडवे पट्टे सरकायला लागले. हळूहळू, संथ. एक वर जाऊन नाहीसा झाला की खालून दुसरा.

लोक टीव्हीकडून पाटाकडे, पाटाकडून टीव्हीकडे बघायला लागले. पाटावरच्या खऱ्या महेश्वरच्या अंगावर काही म्हणजे काही नव्हतं.

"पट्टा पडलाय," नंदीशच्या तोंडून गेलं.

त्याच्या तोंडून जायलाच हवं होतं. विणणाऱ्याच्या डोळ्याला आडवा पट्टा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. टॉवेलमध्ये आडवा गडद पट्टा दिसला की मागात दोष आहे. धागा तरी बदलला, नाहीतर ताण तरी सैल झाला. असा माल व्यापारी परत पाठवतो. या वसाहतीत लहान पोरंसुद्धा कापड उजेडात धरून पट्टा शोधतात. दुसऱ्या कुठल्या गावात हे टीव्हीवर दिसलं असतं तर लोक म्हणाले असते, टीव्ही बिघडलाय. इथं सगळ्यांना एकदम पटलं, की पोरात दोष आहे.

अप्पाने तो शब्द हवेतच झेलला.

"वा, मालक! बरोबर बोललात. पट्टा! आता मला सांगा, कापडात पट्टा पडला तर तुमी काय करता? कापडाला इस्त्री मारता?"

"न्हाय की. माग दुरुस्त करतो."

"मग ह्या पोराला रोज इस्त्री कशाला मारताय? सुई म्हंजे इस्त्री हाय, मालक! वरनं गुळगुळीत, आत पट्टा तसाच."

लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने तर टाळी दिली. अप्पाने फोनवर भगवं फडकं टाकलं, फडक्याखाली हात घातला, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला आणि फडकं झटकन ओढलं. टीव्हीवर महेश्वर होता. स्वच्छ, एकही पट्टा नाही.

शरणम्मा रडतच पुढे झाली आणि त्याच्या पायांवर पडली. सासूबाई ईरम्मांनी नातवाची दृष्ट काढली. अप्पा उठता उठता म्हणाला, "आता सुई टोचायची न्हाय. टोचली की पट्टा परत. मग मला बोलवू नका." फ्रिजच्या दारातल्या इन्सुलिनच्या बाटल्या आणि सुयांची पिशवी त्याने विसर्जन करतो म्हणून बरोबर नेली.

भुवनेश्वरी उठून म्हणाली होती, "अव्वा, सुई थांबवू नका. डॉक्टरांना एकदा विचारू."

"तू गप बस," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या गल्लीनं डोळ्यानं बघितलंय."

लग्नाआधी भुवनेश्वरी मोबाइलच्या दुकानात फोनचे डिस्प्ले बदलायची. फुटक्या काचा, मेलेल्या बॅटऱ्या, पाण्यात पडलेले फोन. हर्ट्झ हा शब्द तिने तिथं दिवसातून शंभरदा ऐकला होता. पोरं यायची आणि विचारायची, "ताई, साठचा डिस्प्ले हाय का नव्वदचा? एकशेवीसचा दाखवा की." म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं, तो आकडा. काळजाशी त्याचा काही संबंध नाही. हर्ट्झ हे एका शास्त्रज्ञाचं आडनाव.

आणि असे पट्टे तिने कुठंतरी पाहिले होते. कुठं, ते आठवत नव्हतं. तिने रात्रीच्या भाकरी थापता थापता स्वतःचा फोन महेश्वरवर धरून पाहिला. पट्टा नाही. "तुझ्या फोनात कसा दिसंल?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांचा सिद्ध केलेला हाय."

दुसऱ्या दिवशी महेश्वर पाणी प्यायला लागला. तांब्यामागून तांब्या. सहा वर्षांची धनलक्ष्मी, भुवनेश्वरीची धनू, त्याची हक्काची पाणकी झाली. "दादा, अजून?" "अजून आण." ती दोन्ही हातांनी तांब्या धरून, जीभ बाहेर काढून, सांडत सांडत यायची.

"पाणी लई प्यायलंय पोरगं," भुवनेश्वरी जावेला म्हणाली.

"आतलं धुऊन निघायलंय. अप्पा म्हणालेत."

तिने दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच, "सुई बंद केली? आत्ता घेऊन या त्याला, आत्ता!" तिने नवऱ्याला फोन लावला. प्रभु टॉवेलची गाडी घेऊन हैदराबादला गेला होता. "आल्यावर बोलतो मी," तो म्हणाला. "दादाच्या पोराचं हाय, तू मधी पडू नको." तिने शरणम्माच्या विनवण्या केल्या, पाय धरले. शरणम्माने पाय मागे घेतले, पोराला तिच्याबरोबर दवाखान्यात धाडलं नाही. नवी बाटली आणून आपणच द्यावी म्हणून ती औषधाच्या दुकानापर्यंतही जाऊन आली. किती द्यायची, हे फक्त शरणम्माला ठाऊक होतं, आणि जास्त झाली तरी पोर जातं, एवढं भुवनेश्वरीला ठाऊक होतं.

उलगडा झाला तो बुधवारी भर दुपारी. धनू झोपली होती. बाई नावाच्या प्राण्याला दिवसात एवढाच वेळ स्वतःचा मिळतो, पोर झोपल्यापासून पोर उठेपर्यंत. घर अंधारं, म्हणून ट्यूब लावलेली. भुवनेश्वरी फोनच्या कॅमेऱ्याची एकेक सेटिंग उघडून बघत होती, आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. पन्नास हर्ट्झ. साठ हर्ट्झ. आपोआप.

एकदम आठवलं. अमेरिकेहून आलेला एक पाहुणा दुकानात आला होता. "इथं आल्यापासून व्हिडिओत काळे पट्टे येतात, डिस्प्ले बदला." तिने डिस्प्ले बदलला नव्हता. ही ओळ बदलली होती.

तिने साठवर बोट ठेवलं आणि फोन वर केला. झोपलेल्या धनूच्या अंगावरून काळा पट्टा सरकत गेला.

सगळं माहीत असूनही तिने धनूच्या अंगावरून हात फिरवून पाहिला. मग तिने फोन फ्रिजकडे वळवला. फ्रिजवर पट्टा. पाण्याच्या घागरीवर पट्टा. लाटण्यावर, दुधाच्या पातेल्यावर, भिंतीवरच्या पालीवर पट्टा. पन्नासवर बोट ठेवलं, पाल एकदम शुद्ध झाली.

ती धावत जावेकडे गेली. "अक्का, हे बघा. घागरीवर पण येतंय. ही नुसती सेटिंग हाय, इथं दाबलं की येतं, इथं दाबलं की जातं."

शरणम्माने बघितलं. घागरीवरचा पट्टा बघितला, दारावरचा बघितला, आरशात स्वतःवरचा बघितला, आणि ती पांढरीफटक पडली.

"अख्ख्या घरालाच लागलंय की गं," ती म्हणाली.

"अक्का! घागरीला कसली बाधा?"

"आणि तुला घालवता येतंय? तुझ्यात कधी आलं हे?"

भुवनेश्वरीने फोन खाली घेतला. माणूस न ऐकणारा असला तर ओरडता येतं. जो ऐकतो आणि भलतंच समजतो, त्याच्यापुढे काय करायचं?

सुई थांबून तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, महेश्वरला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून तो वाकडातिकडा व्हायचा. श्वास खोल, मोठा, जिना चढून आल्यासारखा. आणि तोंडाला पिकलेल्या फळांचा गोडसर वास. "काकू," तो भुवनेश्वरीला म्हणाला, "माझा पट्टा परत आला काय गं?"

"न्हाय रे बाळा. तुझ्यावर पट्टा कधीच नव्हता."

घरच्यांनी दवाखान्याऐवजी अप्पाला बोलावलं. संध्याकाळी खोली पुन्हा भरली. आता माणसं दारातून ओट्यावर सांडली होती. अप्पाने पोराकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी चरकल्यासारखं भुवनेश्वरीला दिसलं. पण धंदा तो धंदा. फोन तिकाटण्यावर चढला, टीव्हीवर पट्टे आले.

"कुणीतरी विटाळ केलाय," अप्पा म्हणाला. "नोडी, पट्टा दाट झालाय."

भुवनेश्वरीने धनूला खाली ठेवलं आणि उठून ट्यूबलाइटचं बटण बंद केलं. देवघरातली समई उचलून महेश्वरच्या बाजूला आणून ठेवली.

"आता बघा," ती म्हणाली. टीव्हीवर समईच्या उजेडातला महेश्वर होता, अंधुक पण स्वच्छ. "मंत्र न्हाय, काय न्हाय. कुटं गेला पट्टा?"

अप्पा पटकन म्हणाला, "बघा, बघा! देवाच्या दिव्यापुढं बाधा पळाली!"

"पळाली, पळाली!" लोक म्हणाले.

दुसरी कुणी असती तर तिथंच खचली असती. भुवनेश्वरीने ट्यूब पुन्हा लावली, स्वतःचा फोन साठवर टाकला आणि अप्पासमोर धरून चारचौघांना दाखवला. अप्पाच्या भस्मावरून, माळांवरून, पोटावरून काळे पट्टे डौलात वर चढत होते.

"अप्पांना बी लागलंय की!" ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, आणि खोलीत हशा उसळला.

"भाऊजी, ऐका," ती नंदीशकडे वळली. "तुमी विणणारे हाय, तुमाला कळंल. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होती, म्हणून ही ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद होती आणि उजळती. आपल्या डोळ्याला ते एकसारखं दिसतं. पण फोन चित्र एकदम काढत न्हाय. टॉवेल विणल्यासारखा एकेक आडवी ओळ विणत जातो. त्याची लय उजेडाच्या लयीला जुळली तर कापड स्वच्छ. न्हाय जुळली तर काही ओळी उजेडात विणल्या जातात, काही मंद उजेडात. मग पडतो पट्टा. काही देशांत वीज साठ हर्ट्झची असती, म्हणून फोनात दोन्ही सेटिंग असत्यात. हा माणूस फडक्याखाली तेवढंच बदलतो. दोष पोरात न्हाय, भाऊजी. मागात पण न्हाय. ह्याच्या फोनात हाय."

नंदीशने हात पुढे केला. "अप्पा, फोन द्या."

"सिद्ध केलेला फोन परक्या हातात..."

"द्या म्हणतोय न्हवं."

त्याने फोन घेतला. भुवनेश्वरीने ती ओळ दाखवली. साठवर खूण होती. नंदीशने आपल्या जाड अंगठ्याने पन्नास दाबलं, पट्टा गेला. साठ दाबलं, आला. पन्नास. साठ. पन्नास. बिघडलेला माग तपासावा तसा तो दाबत राहिला, आणि टीव्हीवर त्याचा मुलगा पट्ट्यांत बुडत आणि वर येत राहिला. मग त्याने फोन खाली ठेवला, महेश्वरला खांद्यावर टाकलं आणि रिक्षासाठी पळत सुटला. या गडबडीत नोडीअप्पा कधी सटकला ते कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं. "दोन दिवस आधी आणायचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. शुक्रवारी दुपारी महेश्वर गेला.

इथं गोष्ट संपली असती, तर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की लोक शहाणे झाले. तसं झालं नाही. दिवसकार्य झालं, आणि शरणम्मा पहिल्यांदा भुवनेश्वरीशी बोलली. शांतपणे, कोरड्या डोळ्यांनी.

"अप्पांनी पट्टा घालवला होता," ती म्हणाली. "तू फोनात परत आणलास. मी डोळ्यानं बघितलं."

सासूबाईंनी ते खोडून काढलं नाही. नंदीश शेडमध्ये बसून असतो. माग चालू नसतात. कधीतरी एखादा टॉवेल उजेडात धरतो आणि बघत राहतो. नोडीअप्पा म्हणे आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वसाहतीत आहे, आणि तिथं गर्दी इथल्यापेक्षा जास्त आहे. भुवनेश्वरी तिथं जाऊन आली. फोन घेऊन, पन्नास-साठ दाखवून, घसा कोरडा होईपर्यंत सांगून आली. बायकांनी मन लावून ऐकलं. मग एक आजी नातवाला पुढे करत म्हणाली, "तायी, तुमाला बी येतंय व्हय? माझ्या नातवाचा तेवढा बघा की, पट्टा हाय का."

तरी सांगत राहायला हवं, म्हणून सांगायचं. कुणी यंत्रातून तुमच्या माणसातला दोष दाखवला, तर ते यंत्र आधी घागरीवर धरून बघा. दिवा बदलून बघा. जो हातचं यंत्र दुसऱ्याच्या हातात देत नाही, त्याच्या हातात पोर देऊ नका. आणि सुई, गोळी, औषध, जे डॉक्टरांनी सुरू केलंय ते डॉक्टरांनाच बंद करू द्या. यात अवघड असं काहीच नाही. पोर झोपलेलं असताना एका दुपारी समजण्यासारखं आहे.

काल दुपारी धनू झोपली नाही. फ्रिज खट् करून सुरू झाला, तशी ती उठली, दार उघडून उभी राहिली. दारातला बाटल्यांचा कप्पा अजून रिकामाच आहे. त्यात कुणी काही ठेवत नाही. तिने पाण्याची बाटली काढली, तांब्यात ओतली, आणि तांब्या दोन्ही हातांनी धरून तशीच थांबली. कुणाकडे न्यायचा ते आठवेना जणू.

"आई," ती म्हणाली, "फोनातला पट्टा सगळ्यांना दिसला ना?"

"हो."

"मग दादाला एवढी तहान लागायची, ती कुणालाच कशी न्हाय दिसली?"